सेन्दाई ते हाचिनोहे: त्सुनामीनंतरच्या सानरिकु किनाऱ्यावर सात दिवस

११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. पाठोपाठ त्सुनामी आली. मृत आणि बेपत्ता मिळून १८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक मियागी आणि इवाते या दोन प्रांतांतली. या प्रांतांचा दातेरी, खाड्याखाड्यांचा किनारा म्हणजे सानरिकु. खाडी आत अरुंद होत जाते, त्यामुळे शिरलेलं पाणी वर चढतं. १८९६ आणि १९३३ मध्येही इथे असंच झालं होतं.

लाट तीच होती, पण नंतर कुठल्या गावाने जमीन उचलली, कुणी भिंत आणखी उंच केली, कुणी समुद्र नजरेसमोर मोकळा ठेवला. हे फरक ओळीने बघायचे असतील तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं. हा सगळा मार्ग फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या उत्तरेला आहे, सेन्दाईच तिथून सुमारे ९५ किलोमीटरवर. मे आणि ऑक्टोबर हे उत्तम महिने. जून-जुलैत समुद्रावरून थंड धुकं येतं आणि कडे दिसत नाहीत. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो.

पहिला दिवस: तोक्यो, सेन्दाई, अराहामा

हायाबुसा ही शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) तोक्योहून दीड तासात सेन्दाईला पोहोचते. तिच्यात सगळ्याच जागा आरक्षित असतात, त्यामुळे हातात पास असला तरी जागा आधी नोंदवावी लागते. पासाच्या हिशोबात बरेच जण फसतात. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीचा पाच दिवसांचा पास पहिल्याच दिवशी सुरू केला, तर सातव्या दिवशीचा हाचिनोहे ते तोक्यो हा सगळ्यात महाग टप्पा पासाबाहेर पडतो. सेन्दाईपर्यंत साधं तिकीट काढा आणि पास तिसऱ्या दिवसापासून चालू करा. तो जेआरच्या बीआरटी बसला चालतो, सानरिकु रेल्वे या वेगळ्या कंपनीला चालत नाही. पासांचे प्रकार आणि दर बदलत राहतात, निघण्यापूर्वी एकदा तपासा.

मोठी बॅग सेन्दाईच्या हॉटेलातून कुरियरने थेट हाचिनोहेला पाठवून द्या. पुढच्या छोट्या स्टेशनांवर लॉकर मोजके आहेत.

दुपारी तोझाई मेट्रोने शेवटच्या आराई स्टेशनावर उतरा. स्टेशनातच सेन्दाईचं ३.११ स्मृतिकेंद्र आहे. तिथला नकाशा आधी बघून घेतला की पुढचं सगळं नीट कळतं. बाहेरून सुटणारी बस पाव तासात अराहामाच्या जुन्या प्राथमिक शाळेपाशी सोडते. शाळा सोमवारी बंद असते आणि एरवी संध्याकाळी लवकर बंद होते, म्हणून दोनच्या आत पोहोचा. परतीच्या बसची वेळ उतरतानाच टिपून ठेवा.

चार मजल्यांची ही इमारत २०१७ पासून लोकांसाठी खुली आहे. पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलं. तिथल्या सज्जाचा कठडा आतल्या बाजूला मुडपलाय, तो तसाच ठेवलाय. मुलं, शिक्षक आणि गावकरी मिळून ३२० जण इथे वाचले. २०१० मध्ये चिलीच्या भूकंपानंतर इथे त्सुनामीचा इशारा आला होता. तेव्हा शाळेने व्यायामशाळेतली ब्लँकेटं आणि आपत्कालीन सामान मुख्य इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हलवलं, आणि पळायचं ते वरच्या मजल्यावर असं ठरवून टाकलं. वर्षभराने व्यायामशाळा पाण्याखाली गेली. सामान खालीच राहिलं असतं तर मार्चच्या थंडीतली ती रात्र अंगावरच्या कपड्यांवर काढावी लागली असती.

परतीच्या वाटेवर बस एका उंच महामार्गाखालून जाते. इथल्या सपाट भातशेतीत डोंगर नाही. त्या दिवशी हाच मातीचा भराव बांधासारखा उभा राहिला, त्यावर चढून लोक वाचले आणि पाण्याचा बराचसा जोरही तिथेच मोडला.

दुसरा दिवस: इशिनोमाकी, ओकावा, ओनागावा

सेन्सेकी-तोहोकु मार्गाची गाडी तासाभरात इशिनोमाकीला नेते. ओकावा शाळेला रेल्वे नाही, त्यामुळे इथून गाडी भाड्याने घ्या. आपल्या आरटीओने दिलेलं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट जपानमध्ये चालतं, आणि गाड्याही आपल्यासारख्या डाव्या बाजूने. मूळ परवाना आणि पासपोर्ट दोन्ही सोबत हवेत.

ओकावाला अर्ध्या तासात पोहोचाल. किताकामी नदीच्या काठावर, मुखापासून सुमारे ४ किलोमीटर आत ही शाळा आहे. तिथल्या १०८ मुलांपैकी ७४ आणि १० शिक्षक गेले. भूकंप २:४६ ला झाला, पाणी ३:३७ ला आलं. मधली जवळपास पन्नास मिनिटं मुलं मैदानावर थांबून होती. मैदानामागे टेकडी आहे. मैदानावर उभं राहून तिच्याकडे बघा, अंतर तुमचं तुम्हाला कळेल. पालक न्यायालयात गेले. सेन्दाई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झालेला निकाल महत्त्वाचा आहे, कारण त्याने चूक त्या दिवसाच्या गोंधळापुरती ठेवली नाही. कुठे पळायचं हे आधी ठरवून ठेवणं शाळेचं आणि शिक्षण मंडळाचं काम होतं, आणि ते झालं नव्हतं, असं निकाल सांगतो. जपानभरच्या शाळांच्या आपत्ती आराखड्यांवर या निकालाची सावली आहे.

इथे आवाज खाली ठेवा. फुलं वाहायला येणारे पालक असतात, त्यांचे फोटो काढू नका.

गाडी परत करून इशिनोमाकीहून रेल्वेने ओनागावाला जा. गाव आधी सुमारे दहा हजार वस्तीचं, त्यातले आठशेहून जास्त गेले. मार्चअखेर भारताच्या एनडीआरएफचं ४६ जणांचं पथक ढिगाऱ्यात शोधकाम करायला इथेच आलं होतं. या दलाची ती परदेशातली पहिली मोहीम.

स्टेशनाची इमारत वास्तुविशारद शिगेरु बान यांची. छप्पर पंख पसरलेल्या समुद्रपक्ष्यासारखं, आणि आत चक्क गरम पाण्याचं स्नानगृह. बाहेर पडलं की विटांची पायवाट सरळ समुद्राकडे उतरते, मध्ये भिंत आड येत नाही. ओनागावाने घरं वर डोंगरात नेली आणि खाली दुकानं, बंदर, कामाच्या जागा ठेवल्या. खाली रात्री झोपायचं नाही, आणि जमीन हलली की वर जायचं, एवढाच नियम. पुनर्बांधणीच्या सुरुवातीलाच गावातल्या ज्येष्ठांनी ठरवलं होतं की साठीपुढच्यांनी मध्ये बोलायचं नाही. पुढची वीस-तीस वर्षं ज्यांना इथे राहायचंय त्यांनीच निर्णय घ्यावेत. संपूर्ण प्रवासात आम्हाला सगळ्यात पटलेली रचना हीच.

बंदराजवळ काँक्रीटची जुनी पोलीस चौकी पायासकट आडवी पडलेली तशीच राखली आहे. तिच्या मूळ जमिनीची पातळी आणि आजच्या रस्त्याची पातळी यांतला फरक बघा. भराव किती घातला ते तिथे एका नजरेत कळतं.

तिसरा दिवस: मिनामिसानरिकु, केसेन्नुमा

ओनागावा किंवा इशिनोमाकीहून माएयाची, तिथून केसेन्नुमा मार्ग, आणि पुढे लाल रंगाची बीआरटी बस. रूळ वाहून गेले तिथे जेआरने बऱ्याच ठिकाणी त्याच मार्गिकेवर डांबर टाकून २०१२ मध्ये बस सुरू केली. रेल्वे परत आलीच नाही. बस साधारण तासाला एक असते. माएयाचीला गाडी चुकली की दिवसाचं सगळं वेळापत्रक कोलमडतं, म्हणून सकाळची पहिली-दुसरी गाडी धरा.

शिझुगावा थांब्यावर उतरलं की समोरच सानसान बाजार आणि २०२२ मध्ये उघडलेलं ३११ मेमोरियल आहे. दोन्ही वास्तुविशारद केन्गो कुमा यांच्या कामाची, स्थानिक देवदाराची. नदीपलीकडे लाल लोखंडी सांगाडा दिसतो तो आपत्ती नियंत्रण इमारतीचा. इथूनच ध्वनिक्षेपकावर इशारे दिले जात होते. तीन मजल्यांची, सुमारे १२ मीटर उंच इमारत, पाणी तिच्या छपरावरून गेलं आणि ४३ जण गेले. सांगाडा पाडावा की ठेवावा यावर गाव दहा वर्षांहून जास्त काळ वाद घालत होतं. कुणाला तो रोज दिसणं सहन होत नव्हतं, कुणाला तो जाणं.

जवळच ताकानो काइकान नावाचं सभागृह आहे. त्या दिवशी तिथे वृद्धांचा कार्यक्रम होता. भूकंप थांबताच लोक घरी निघाले, तर कर्मचाऱ्यांनी जिन्यापाशी उभं राहून त्यांना खाली जाऊ दिलं नाही, वर पाठवलं. गच्चीवर ३२७ माणसं वाचली. ही इमारत आतून बघायची तर कान्यो हॉटेलच्या सकाळच्या ‘कातारिबे’ बसची नोंदणी करावी लागते. कातारिबे म्हणजे स्वतः ते दिवस पाहिलेले आणि आता सांगणारे लोक. कथन जपानीत असतं. फोनवरचं भाषांतर चालू करण्याआधी विचारून घ्या, सहसा नाही म्हणत नाहीत.

बाजारात मोआई, म्हणजे चिलीच्या ईस्टर बेटावरच्यासारखा दगडी पुतळा दिसेल. १९६० च्या चिलीतल्या भूकंपाची त्सुनामी पॅसिफिक ओलांडून या गावात आली होती, त्या नात्याने चिलीकडून आलेली ही भेट.

केसेन्नुमाला मुक्काम. शहराच्या अलीकडे रिकुझेन-हाशिकामी थांब्यावर उतरून कोयो हायस्कूलचे अवशेष बघता येतात, पण थांब्यापासून बरंच चालावं लागतं, हाताशी तीन तास ठेवा. तिसऱ्या मजल्याच्या खोलीत उलटी पडलेली मोटार आहे, आणि चौथ्या मजल्यावरच्या फायलींच्या लोखंडी कपाटांना खालून गुडघ्याच्याही खाली एक गंजाची सरळ रेघ आहे. पाणी तिथे थांबलं.

संध्याकाळी बंदरावर नाइवान भागात फिरा. किनाऱ्यावरच्या नव्या भिंती शंभर-दीडशे वर्षांतून एकदा येणाऱ्या त्सुनामीसाठी बांधल्यात. २०११ सारख्या लाटेसाठी पळणं हाच उपाय धरलाय. नाइवानच्या लोकांना समुद्र दिसायला हवा होता, म्हणून भिंतीच्या माथ्याचा सुमारे एक मीटर भाग झडपेचा केला, पाणी आलं की ती वर उचलली जाते. इतकं घासाघीस करून ठरवलेली भिंत २०१८ मध्ये २२ सेंटिमीटर जास्त उंच बांधली गेल्याचं उघड झालं. भूकंपात खचलेली जमीन नंतर हळूहळू वर आली होती, आणि तेवढी वजावट कामात झालीच नाही. वीतभर उंचीवरून शहर संतापलं होतं, यावरून इथल्या माणसाला समुद्र दिसणं म्हणजे काय ते समजावं.

शाकाहारी मंडळींनो, इथे मासळी फक्त ताटात नसते, रस्सा, सॉस, भाजीवरचा भुगा सगळ्यात बोनिटो मासा असतो. सॅलड आणि सोबा घेतलं की झालं असं समजू नका. थेपले, मेतकूट, झटपट पोहे बॅगेत असू द्या आणि कन्व्हीनियन्स स्टोअरमधून साधा भात, केळी, उकडलेले रताळे घ्या. मासे खाणाऱ्यांनी ‘होया’ (सी स्क्वर्ट हा समुद्री जीव) चाखावा. कोरियाने २०१३ मध्ये आयात बंद केल्यावर या मालाचा मोठा बाजार गेला, तेव्हापासून उत्पादक देशातच गिऱ्हाईक जोडतायत.

चौथा दिवस: रिकुझेनताकाता

बीआरटी थेट ‘किसेकी नो इप्पोनमात्सु’ (चमत्काराने उरलेलं एकच पाइन) थांब्यावर सोडते. समोर इवाते त्सुनामी स्मृतिसंग्रहालय, प्रवेश मोफत, किमान दोन तास द्या. चिरडलेली अग्निशमन गाडी आणि वाहून गेलेल्या पुलाची वाकलेली तुळई आत ठेवली आहे. इंग्रजी माहितीही चांगली आहे.

इथल्या किनाऱ्यावर १६६७ पासून लावत आणलेलं सुमारे ७० हजार पाइनांचं बन होतं. लाटेनंतर एकच झाड उभं राहिलं. जमीन खचल्याने मुळांत खारं पाणी शिरलं आणि २०१२ मध्ये तेही वाळलं. मग देणग्या गोळा करून ते जतन केलं. खोड कापून, आतून पोखरून, कार्बन फायबरच्या कण्यावर पुन्हा उभारलं. फांद्या आणि पानं कृत्रिम. एवढा पैसा मेलेल्या झाडावर कशाला, अशी टीका तेव्हा झाली होती. आता त्याच्याभोवती ४० हजार नवी रोपं लावलीत.

ताकाताने शहरच सुमारे दहा मीटर उचललं. समोरचा डोंगर फोडून माती सरकत्या पट्ट्यावरून नदीपलीकडे आणली, ट्रकने हेच काम करायला कितीतरी वर्षं जास्त लागली असती. तरीही भराव पूर्ण होईपर्यंत लोक दुसरीकडे स्थिरावले होते. वरच्या नव्या शहरात चालत गेलात तर आखीव रस्ते, दिवे, आणि मधले रिकामे भूखंड दिसतील. तंत्र जिंकलं आणि वेळ हरली, असं इथे वाटतं. भरावाचा निर्णय घेताना माणसं किती वर्षं वाट बघू शकतील हा हिशोब कमी पडला, असं आमचं मत आहे.

रात्रीला ओफुनातोच्या साकारी स्टेशनाजवळ राहा. याच ओफुनातोत २०२५ च्या फेब्रुवारीअखेर प्रचंड वणवा पेटला, त्सुनामीनंतर उभी केलेली काही घरंही त्यात गेली.

पाचवा दिवस: साकारी ते मियाको

आता सानरिकु रेल्वेचा रिआस मार्ग, साकारी ते कुजी १६३ किलोमीटर. एका-दोन डब्यांची डिझेल गाडी, दोन गाड्यांत दीड-दोन तासांचं अंतर. मागच्या दाराने चढून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढे चालकापाशी चिठ्ठी आणि सुटे पैसे टाकायचे. सुइका या प्रीपेड प्रवास कार्डावर विसंबू नका, हजार येनच्या नोटा जवळ ठेवा. उत्तरेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला. २०११ मध्ये भूकंपानंतर पाचव्याच दिवशी या कंपनीने उरलेल्या तुकड्यावर गाडी चालवली होती, तीही फुकट. पूर्ण मार्ग २०१९ मध्ये जोडला गेला आणि त्याच ऑक्टोबरात हागिबिस वादळाने तोडला. मार्च २०२० मध्ये पुन्हा चालू झाला.

कामाइशीला गाडी बदला आणि उनोसुमाईला उतरा. प्रवासातला सर्वात महत्त्वाचा थांबा हाच.

स्टेशनासमोरचं प्रार्थना उद्यान ज्या जागेवर आहे तिथे एक आपत्ती केंद्र होतं. ते त्सुनामीपासून बचावाची जागा नव्हतं. पण सरावाच्या वेळी वृद्धांना डोंगर चढायला नको म्हणून लोक तिथेच जमायचे, आणि नावातही ‘आपत्ती केंद्र’ होतं. खऱ्या दिवशी लोक तिथेच गेले, दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर शाळा होत्या. माध्यमिकची मुलं ठरल्या जागी पोहोचली, मागचा कडा ढासळताना पाहून आणखी वर पळाली, तिथूनही आणखी वर. आधी तिसऱ्या मजल्यावर गेलेली प्राथमिकची मुलं त्यांना पळताना बघून मागे निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. शाळेतून पळालेली साडेपाचशेहून जास्त मुलं वाचली. तेव्हा गुन्मा विद्यापीठात असलेले तोशिताका काताडा यांनी या शाळांना वर्षानुवर्षं तीन गोष्टी शिकवल्या होत्या: धोक्याच्या नकाशातल्या अंदाजांवर विसंबू नका, जमेल तेवढं सगळं करा, आणि सर्वांत आधी तुम्ही पळा.

पहिल्या काही मिनिटांत हवामान खात्याने इवातेसाठी ३ मीटरचा अंदाज दिला होता. भिंती त्याहून उंच, म्हणून अनेक जण थांबले. नंतर आकडा वाढवला तोवर वीज गेली होती. २०१३ पासून फार मोठ्या भूकंपात सुरुवातीला आकडा देतच नाहीत, ‘प्रचंड’ एवढाच शब्द येतो. तुमच्या फोनवर ‘सेफ्टी टिप्स’ हे ॲप ठेवा, आणि प्रत्येक मुक्कामी खोलीत सामान टाकण्याआधी वर जायची वाट बघून या. जुलै २०२५ मध्ये रशियातल्या कामचात्काच्या भूकंपानंतर या सगळ्या किनाऱ्यावर इशारा होता, कुजी बंदरात मीटरभराहून उंच पाणी नोंदलं गेलं.

त्या शाळांच्या जागी आता स्टेडियम आहे. २०१९ च्या रग्बी विश्वचषकात इथे उरुग्वेने फिजीला हरवलं. दुसरा सामना वादळाने रद्द झाला, तेव्हा कॅनडाचे खेळाडू गावातला चिखल उपसायला गेले.

मियाकोला मुक्काम.

सहावा दिवस: तारो आणि जोदोगाहामा

तारो हे मियाकोजवळचं किनाऱ्यावरचं गाव. तिथला मार्गदर्शक आधी मियाकोच्या पर्यटन संस्थेकडे नोंदवावा लागतो, त्याशिवाय तारो कान्को हॉटेलच्या आत जाता येत नाही. सहा मजल्यांचं हॉटेल, खालचे दोन मजले नुसते लोखंडी खांब. सहाव्या मजल्यावरच्या खोलीत, त्याच खिडकीतून मालकाने टिपलेली लाटेची चित्रफीत दाखवतात. ती बाहेर कुठेच मिळत नाही आणि तिचं चित्रण करायला मनाई आहे.

१९३३ नंतर तारोने दहा मीटर उंचीची, एकूण २.४ किलोमीटरची भिंत उभारली. जुनी आतली भिंत अशी वळवलेली होती की पाणी दोन्ही बाजूच्या नद्यांकडे जावं, आणि ती टिकली. साठच्या दशकात समुद्राकडे बांधलेली दुसरी भिंत फुटली. दोन भिंतींच्या मधल्या जागेत तोवर घरं झाली होती. भिंतीमुळे समुद्र दिसतही नव्हता. जवळपास दोनशे माणसं गेली. जुन्या वस्तीत फिरताना कोपरे बघा: चौकातल्या प्लॉटचे कोपरे तिरके कापलेत, म्हणजे पळताना पलीकडून येणारा दिसावा, आणि रस्ते सरळ डोंगराकडे जातात. ही आखणी १९३३ नंतरची. नवी भिंत १४.७ मीटरची आहे.

दुपारी मियाको स्टेशनाहून बसने जोदोगाहामाला जा. पांढरे सुळके, स्वच्छ पाणी, आणि छोट्या साप्पा होडीतून निळ्या गुहेची फेरी. वारा असला की होड्या बंद, सकाळी फोन करून विचारा. किनाऱ्यावर लाल-पांढऱ्या चौकडीचा झेंडा हलवताना कुणी दिसलं तर तो त्सुनामीचा इशारा, लगेच वर निघा.

सातवा दिवस: फुदाई, कुजी, हाचिनोहे

मियाको ते कुजी पावणेदोन तास. काही गाड्या उंच पुलांवर क्षणभर थांबतात, खाली खोल समुद्र दिसतो. मध्ये फुदाईला उतरून पुढची गाडी धरा.

फुदाईचा पूरदरवाजा १५.५ मीटर उंच, १९८४ मध्ये पूर्ण झाला. सरपंच कोतोकु वामुरा यांनी १९३३ ची लाट डोळ्यांनी पाहिली होती, आणि १८९६ ची लाट १५ मीटरची होती हे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं. इतकी उंची कशाला, एवढ्या पैशात दुसरं काही करा, असा विरोध झाला. ते मागे हटले नाहीत. २०११ मध्ये पाणी दरवाजावरून आलं, पण थोडं आत येऊन शाळा आणि घरांच्या अलीकडे थांबलं. दरवाजाबाहेरचं बंदर आणि होड्या गेल्या, होडी बघायला गेलेला एक जण बेपत्ता झाला, आणि गावातली घरं शाबूत राहिली. तारोची दहा मीटर आणि फुदाईची साडेपंधरा यांत फरक उंचीचा तर आहेच, पण जागेचाही आहे. तारोची भिंत सपाट, उघड्या वस्तीभोवती होती, फुदाईचा दरवाजा डोंगरांमधल्या अरुंद नदीच्या तोंडावर बसलाय. म्हणून फुदाईचं उत्तर उचलून दुसऱ्या गावात ठेवता येत नाही.

कुजीहून जेआरचा हाचिनोहे मार्ग, इथे पास पुन्हा चालतो. शक्य असेल तर हा दिवस शनिवारी येईल असं वेळापत्रक बसवा. तातेहानाचा घाटावरचा बाजार मार्चच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत दर रविवारी पहाटेपासून नऊपर्यंत भरतो, जवळचं स्टेशन मुत्सु-मिनातो. शनिवारी रात्री हाचिनोहेला राहून तो बघता येतो. मग पासही एक दिवस उशिरा, चौथ्या दिवशी सुरू करायचा आणि तिसऱ्या दिवशीच्या बसचं तिकीट वेगळं काढायचं. तोक्योला शिन्कान्सेनने साधारण तीन तास.

चारच दिवस हाताशी असतील तर सेन्दाई, ओनागावा, रिकुझेनताकाता आणि उनोसुमाई एवढंच करा, आणि कामाइशीहून जेआरच्या कामाइशी मार्गाने शिन-हानामाकीला जाऊन शिन्कान्सेन पकडा. ओकावासाठी गाडी घेणं शक्य नसेल तर इशिनोमाकी स्टेशनाहून टॅक्सी ठरवा, भाडं आणि थांबायचा वेळ आधीच बोलून घ्या. तिथे परतीची टॅक्सी मिळत नाही.